‘संथ आहे’, ‘असे घडलेच नव्हते’, ‘गद्दाराची बाजू घेतली’: खऱ्या हेरावरील चित्रपटाच्या प्रतिक्रिया कशा वाचाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वतःच्याच खात्यातील गुपिते परक्या देशाला पुरवणाऱ्या एका खऱ्या हेराच्या आयुष्यावर तुम्ही चित्रपट केला आणि त्याचे कच्चे संकलन साठ-सत्तर प्रेक्षकांना दाखवले. त्यावर चार तऱ्हेच्या प्रतिक्रिया आल्या. काहींना चित्रपट संथ वाटला, काहींनी ‘असे प्रत्यक्षात घडलेच नव्हते’ म्हणून दोष काढले, काहींना एका गद्दाराविषयी सहानुभूती निर्माण होते हे खटकले आणि काही जण एक शब्दही न बोलता निघून गेले. यांपैकी कोणाचे ऐकावे आणि काय बदलावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी अठ्ठावीस वर्षे संकलन करतो आहे. त्या काळात हातून गेलेल्या चित्रपटांपैकी तीन खऱ्या हेरांवरचे होते, आणि त्यांच्या प्रत्येक चाचणी खेळाला मी प्रेक्षागृहाच्या पुढच्या कोपऱ्यात बसलो आहे, कारण तिथून पडद्यापेक्षा माणसांचे चेहरे अधिक दिसतात. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्याकडे आलेल्या चारही प्रतिक्रियांचे मूळ बहुधा एकच आहे. हेराची गोष्ट ही खोटे बोलणाऱ्या माणसाची गोष्ट असते. तो बायकोशी, वरिष्ठांशी, शेजाऱ्यांशी खोटे बोलतो आणि कधी कधी स्वतःशीही. अशा माणसासोबत दोन तास काढायचे तर चित्रपटाने आपल्याला तरी विश्वासात घेतले पाहिजे, एवढी प्रेक्षकाची अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही की तो तक्रार करतो. मात्र नेमके काय बिनसले हे त्याला सांगता येत नाही, म्हणून हाताशी येईल तो शब्द तो वापरतो.

‘संथ’ हा त्यांतला सर्वांत सोयीचा शब्द. तो कानावर पडताच दिग्दर्शक कात्री हातात घेतो, आणि हेरपटाच्या बाबतीत ही घाई हमखास नडते. खऱ्या हेरगिरीचा स्वभावच मुळात संथ आहे. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वृत्तपत्रे टाकणाऱ्या एका मुलाच्या हातून पाच सेंटचे नाणे पडले, ते उघडले गेले आणि आत आकड्यांनी भरलेले सूक्ष्म छायाचित्र निघाले. तो सांकेतिक मजकूर एफबीआयला चार वर्षे उलगडला नाही. १९५७ मध्ये रिइनो हायहानेन हा सोव्हिएत हेर फुटून अमेरिकेला मिळाला, तेव्हा कुठे गाठ सुटली आणि त्याच्याच माहितीवरून रुडॉल्फ एबल या नावाने पुढे जगभर माहीत झालेला त्याचा वरिष्ठ पकडला गेला. एका नाण्यामागे चार वर्षांची वाट पाहणे आहे. ही वाट पाहणे चित्रपटातून काढून टाकले तर तुमच्याकडे पाठलाग उरेल, आणि पाठलाग इतर चित्रपटांत याहून चांगले असतात.

याच एबलवरचा ‘ब्रिज ऑफ स्पाइज’ (२०१५) पुन्हा लावा आणि त्याची पहिली काही मिनिटे आवाज बंद करून पाहा. एक वयस्क माणूस आरशात पाहून स्वतःचे चित्र रंगवतो आहे. आरशातला चेहरा, कॅनव्हासवरचा चेहरा आणि पाठमोरा तो स्वतः, असे तिघे एकाच चौकटीत आहेत. मग तो रंगांची पेटी घेऊन बाहेर पडतो, त्याच्या मागावर माणसे आहेत, तो बाकावर बसून चित्र काढू लागतो आणि बाकाखाली हात घालून एक नाणे काढून घेतो. संवाद जवळजवळ नाहीत, धावपळ बेताची आहे, तरीही मी ज्यांच्याबरोबर हा भाग पाहिला त्यांच्यात कधी चुळबुळ झाली नाही, कारण पाठलाग करणाऱ्यांना न दिसलेला तो हात आपल्याला दिसलेला असतो. प्रेक्षकाच्या पदरात एवढे जरी टाकले तरी तो पुढची पंधरा मिनिटे शांत बसतो.

आता माझ्याच टेबलावर घडलेली गोष्ट सांगतो. (निर्मात्यांची परवानगी घेतलेली नसल्यामुळे चित्रपटाचे नाव लिहीत नाही.) नायक कार्यालय सुटल्यावर मागे थांबून कागदपत्रांची छायाचित्रे घेतो, असा चार मिनिटांचा प्रसंग पन्नासाव्या मिनिटाला होता. पहिल्या चाचणी खेळात तिथे खोकल्याला सुरुवात झाली. एकाने घड्याळ पाहिले, मागच्या रांगेत दोघी कुजबुजू लागल्या, आणि लेखी प्रतिक्रियांत ‘मधला भाग संथ’ हे वाक्य वीसेक वेळा आले. आम्ही प्रसंग अडीच मिनिटांवर आणला. दुसऱ्या खेळात खोकला त्याच जागी, किंबहुना थोडा आधीच सुरू झाला. मग मी प्रसंग सोडून त्याच्या आधीचा चित्रपट तपासू लागलो आणि लक्षात आले की इमारतीत रात्री पहारेकरी फेरी मारतो, हे आम्ही प्रेक्षकाला कुठेच सांगितलेले नव्हते. आम्हाला ते पटकथेतून माहीत होते, म्हणून आम्हाला त्या प्रसंगात धाक जाणवत होता. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र एक माणूस रिकाम्या खोलीत कागद उलटत होता. न वापरलेल्या चित्रीकरणात पहारेकऱ्याचे एकोणीस सेकंदांचे दृश्य सापडले: तो नोंदवहीत वेळ लिहितो, किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवतो आणि चालू लागतो. ते बाराव्या मिनिटाला लावले, चार मिनिटांचा मूळ प्रसंग जसाच्या तसा परत आणला आणि त्याच्या तिसऱ्या मिनिटाला खोलीबाहेर किल्ल्यांचा आवाज ठेवला. तिसऱ्या खेळात तो आवाज आला तेव्हा दुसऱ्या रांगेतील एका बाईंनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ‘संथ’ हा शब्द त्या दिवशीच्या कागदांवर दोनदाच आला, तोही दुसऱ्या एका जागेविषयी.

म्हणून ‘संथ’ म्हणणाऱ्यांचे ऐका, पण ते जिथे बोट दाखवतात तिथे कापू नका. त्या जागेपासून मागे मागे जा आणि प्रेक्षकाला तिथे पोहोचण्यापूर्वी काय माहीत असायला हवे होते, ते शोधा.

शेवट आधीच माहीत असणे ही खऱ्या गोष्टीची दुसरी अडचण असते, आणि पुष्कळ दिग्दर्शक ती लपवायला जातात. रॉबर्ट हॅन्सन हा एफबीआयचा अधिकारी १९७९ पासून, मध्ये खंड घेत, सोव्हिएत संघाला आणि नंतर रशियाला गुपिते विकत होता, आणि १८ फेब्रुवारी २००१ रोजी व्हर्जिनियातील एका उद्यानात पाकीट ठेवून परतताना तो पकडला गेला. त्याच्यावरील ‘ब्रीच’ (२००७) हा चित्रपट त्याच्या अटकेच्या घोषणेनेच सुरू होतो. तो पकडला जाणार का, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला निकालात निघतो आणि त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी त्याच्याच खोलीत बसवलेला एरिक ओ’नील हा तरुण त्या माणसासमोर दिवसचे दिवस कसा टिकणार, हा प्रश्न उरतो. प्रत्यक्षातील ओ’नील यांनी एक आठवण सांगितली आहे. हॅन्सन बाहेर असताना त्यांनी त्याच्या बॅगेतून छोटा हस्तसंगणक काढून सहकाऱ्यांकडून त्यातील माहितीची नक्कल करून घेतली, आणि तो परत ठेवायच्या वेळी बॅगेच्या चार सारख्या कप्प्यांपैकी तो नेमका कोणत्या कप्प्यातून काढला होता, हेच त्यांना आठवेना. इतकी घरगुती मापाची भीती बंदुकीने येत नाही, कारण वस्तू जागच्या जागी न ठेवल्याचा धसका प्रत्येकाने लहानपणी घेतलेला असतो. तुमच्या हेराच्या कागदपत्रांत असा कप्पा नक्की असेल, तो शोधा.

नावांचा गोंधळ हाही ‘संथ’ या शब्दाआड लपतो. एबलचेच पाहा: इंग्लंडमध्ये जन्मलेला हा विल्यम फिशर अमेरिकेत शिरला तो अँड्र्यू कायोटिस म्हणून, चित्रकार म्हणून राहिला तो एमिल गोल्डफस म्हणून, आणि पकडल्यावर त्याने नाव सांगितले ते आपल्या मृत सहकाऱ्याचे. ही सारी नावे पडद्यावर आणली असती तर प्रेक्षक पहिल्या वीस मिनिटांतच हिशेब करत बसला असता. तुमच्या चित्रपटात एका माणसाला दोनपेक्षा अधिक नावांनी हाक मारली जात असेल, तर आजच एक कमी करा.

आता ‘असे घडलेच नव्हते’ म्हणणाऱ्यांविषयी. यांना किरकोळ समजू नका, कारण एकदा का प्रेक्षकाला एक गोष्ट खोटी आहे असे कळले की उरलेल्या शंभर खऱ्या गोष्टींवरही तो विश्वास ठेवत नाही. तरीपण सगळे बदल सारखे नसतात. माझ्या पाहण्यात काळ आवळणे, दोन अधिकाऱ्यांचा मिळून एक करणे किंवा बैठकीची खोली बदलणे याला बहुतेक लोक सहज माफ करतात. ओलेग पेन्कोव्स्की हा सोव्हिएत लष्करी गुप्तहेर खात्यातील कर्नल आणि त्याच्याकडील माहिती पश्चिमेकडे पोहोचवणारा ग्रेव्हिल विन हा ब्रिटिश व्यावसायिक यांच्यावरील ‘द कुरियर’ या चित्रपटात सीआयएची जी अधिकारी स्त्री दिसते ती काल्पनिक आहे. पण तिच्यामुळे पेन्कोव्स्कीला १९६३ मध्ये झालेला मृत्युदंड बदलत नाही, विनचा तुरुंगवास बदलत नाही आणि दोघांतील मैत्रीचे मोलही कमी होत नाही.

माणसाचा हेतू बदलणे मात्र फार वेगळे. मेलिटा नॉरवुड या ब्रिटिश बाईंनी १९३० च्या दशकापासून अनेक वर्षे सोव्हिएत संघाला गुपिते दिली, आणि हे १९९९ मध्ये उघड झाले तेव्हा त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. घरापुढच्या बागेत उभ्या राहून त्यांनी वार्ताहरांसमोर निवेदन वाचले. त्या एका संशोधन संस्थेत सचिव होत्या, पक्क्या साम्यवादी होत्या, आणि पैशासाठी आपण हे केले नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्यावरून सुचलेल्या कादंबरीवर ‘रेड जोन’ (२०१८) हा चित्रपट निघाला. त्यात नाव बदलले आहे, नायिका केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र शिकलेली आहे आणि हिरोशिमाच्या संहारामुळे ती गुपिते देण्याकडे वळते. नाव बदलले असल्यामुळे कायद्याने आणि कलेनेही हे स्वातंत्र्य घेता येते. पण खऱ्या नॉरवुड ज्याला माहीत आहेत, त्याच्या मनात पाल चुकचुकतेच, कारण एका ठाम राजकीय श्रद्धेच्या जागी प्रेम आणि हळहळ आली की माणूस अधिक आवडता होतो, पण तो ‘ती’ राहत नाही. माझे मत स्पष्ट आहे: हेराच्या गोष्टीत ‘का केले’ हाच गाभा असतो. तोच बदलायचा असेल तर खरे नाव वापरण्याचा हक्क सोडावा.

याहूनही जपायला हवे ते दुसऱ्याच्या माथी दोष मारताना. ‘द इमिटेशन गेम’ (२०१४) मध्ये दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश फोडणाऱ्या अ‍ॅलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाला आपला सहकारी जॉन केर्नक्रॉस हा सोव्हिएत हेर असल्याचे कळते आणि तो काही काळ गप्प राहतो, असे दाखवले आहे. केर्नक्रॉस ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या संकेत उलगडण्याच्या केंद्रात काम करत होता आणि तो हेर होता, हे खरेच. पण दोघांनी एकत्र काम केल्याचा पुरावा नाही. केवळ कथेत पेच यावा म्हणून एका मृत माणसाला हेराला पाठीशी घालणारा ठरवले गेले, यावर इतिहासकारांनी कडक आक्षेप घेतला, आणि तो मला पूर्ण पटतो. तुमच्या चित्रपटातील प्रत्येक खऱ्या नावापुढे एक खूण करा आणि स्वतःला विचारा की या माणसाच्या हातून न घडलेले वाईट कृत्य आपण त्याच्या नावावर टाकले आहे का. उत्तर होय असेल तर तेवढे दृश्य कितीही चांगले जमले असले तरी काढा.

तिसरी प्रतिक्रिया, गद्दाराविषयीच्या सहानुभूतीची, मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या विषयावर चित्रपट करणाऱ्याला एक गोष्ट नीट उमगली पाहिजे: प्रेक्षक हेराला देशाच्या बाजूवरून तोलतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात तो त्याला निष्ठेवरून तोलतो. एबल शीतयुद्धातील शत्रूचा हेर. त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली होती आणि १० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिनजवळच्या ग्लिनिके पुलावर फ्रान्सिस गॅरी पॉवर्स या अमेरिकी वैमानिकाच्या बदल्यात तो परत गेला. अमेरिकेतच निघालेल्या चित्रपटात ती भूमिका करणाऱ्या मार्क रायलन्स यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले आणि प्रेक्षकांनी तो म्हातारा उराशी धरला, कारण त्याने तोंड उघडले नाही, कोणाला विकले नाही. सोव्हिएत संघाने १९९० मध्ये त्याचे टपाल तिकीट काढले तेही त्याच गुणासाठी. याउलट हॅन्सनच्या बाजूने उभे राहणारा प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही, कारण त्याने पैसे आणि हिरे घेऊन माणसे विकली. ऑक्टोबर १९८५ मधील आपल्या पत्रात त्याने अमेरिकेसाठी काम करणाऱ्या तीन सोव्हिएत अधिकाऱ्यांची नावे कळवली. आल्ड्रिच एम्स या सीआयए अधिकाऱ्यानेही ती फोडलेली होती. त्यांतील दोघांना पुढे मृत्युदंड झाला आणि तिसरा तुरुंगात गेला.

तुमचा नायक या दुसऱ्या जातीतला आहे. म्हणून ‘त्याला कमी माणूस दाखवा’ असा सल्ला मी देणार नाही. त्याचा एकटेपणा, मुलीच्या आजारपणातली त्याची जागरणे, सगळे राहू द्या. पण तुमच्या पत्रातील कथासारावरून दिसते की त्याने दिलेल्या कागदांमुळे ज्यांचे प्राण गेले, ती माणसे पडद्यावर एकदाही येत नाहीत. त्यांचा उल्लेख एका संवादात आहे. प्रेक्षक नायकावर रागावायला तयार असतो, पण त्याला तो राग कशावर टेकवायचा हे दिसले नाही तर तो दिग्दर्शकावर रागावतो. आमच्या दुसऱ्या हेरपटात नेमके हेच झाले होते. उपाय म्हणून आम्ही चाळीस सेकंदांचा एक प्रसंग नव्याने चित्रित केला. पकडल्या गेलेल्या माणसाची बायको स्वयंपाकघरात उभी आहे, एक अधिकारी काही न बोलता टेबलावर चष्म्याचे घर ठेवतो, ती ते उघडते, आत चष्मा नाही, आणि ती ते पुन्हा मिटून होते तिथे ठेवते. संगीत ठेवले नाही. त्यानंतरच्या खेळात नायकाची एकही चौकट बदललेली नसताना प्रतिक्रिया बदलल्या. ‘त्याची चीड आली, पण नजर काढता आली नाही’ असे एका बाईंनी लिहिले.

प्रतिक्रिया गोळा करण्याच्या पद्धतीविषयीही थोडे लिहितो, कारण तुमच्या खेळात चर्चा आधी आणि लिहिणे नंतर झाले, असे दिसते. खऱ्या घटनेवरच्या चित्रपटात हे उलट हवे. इतिहास वाचलेला एखादा माणूस चर्चेत पहिल्यांदा बोलला की उरलेले आपले अनुभव गिळून त्याच्या मुद्द्यांवर बोलू लागतात. दिवे लागताच कागद हातात द्या आणि ‘आवडला का’ असे विचारू नका. तो पकडला जाईल असे तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटले, तो कोणाशी सर्वांत जास्त खोटे बोलला, आणि कोणत्या जागी हे खरे नसावे असे वाटले, एवढे तीनच प्रश्न पुरेत. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत अनेकदा मौज होते: लोक नेमक्या खऱ्या घटनेवर शंका घेतात. अशा वेळी घटना खरी आहे म्हणून हट्ट धरू नका. ती पटेल अशी तयारी आधीच्या दृश्यांत करा. आणि पुढच्या खेळाला ओळखीची माणसे बोलावू नका, आपली माणसे जीव तोडून खोटे बोलतात.

राहिले ते न बोलता गेलेले. दिग्दर्शकांना यांची भीती वाटते, मला यांच्याकडूनच सर्वांत जास्त मिळाले आहे. त्यांना चार-पाच दिवसांनी फोन करा आणि चित्रपट कसा होता हे न विचारता, काय आठवते एवढेच विचारा. चष्म्याच्या घराचा प्रसंग घातलेल्या त्या खेळानंतर असाच न बोलता गेलेला एक प्रेक्षक होता, साठीच्या पुढचा. पाचव्या दिवशी फोन केला तेव्हा तो बराच वेळ थांबला आणि मग त्याने विचारले, ‘ते चष्म्याचे घर खरोखर परत आले होते का?’ मी त्याला खरे ते सांगितले: खटल्याच्या कागदांत ‘वैयक्तिक वस्तू कुटुंबास परत’ एवढीच नोंद आहे, कोणती वस्तू ते लिहिलेले नाही. त्यावर तो म्हणाला, ‘मग हे चित्रपटात कुठेतरी लिहा, म्हणजे मला बाकीचे खरे धरता येईल.’ प्रदर्शनापूर्वी आम्ही शेवटच्या पाटीत ते वाक्य घातले.